लखमी राहते कुठे?

डुलक्या घेणं हा माझा जन्माचा गुण. मुलं सुरात पाढे म्हणायला लागली की माझे डोळे मिटायला लागायचे आणि एकोणतीसच्या पाढ्यात कुणीतरी अडखळलं की मी जागी व्हायचे. आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. ती म्हणे, हिला पाटीपाशी बसवली तर मांजर सगळी मासळी खाऊन हिच्याच मांडीवर झोपेल. धंदा काही मला जमायचा नाही हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आणि मला डी.एड.ला घातलं.

आता निवृत्त होऊन बोर्डीला सासरच्या चिकूच्या वाडीत बसले आहे. संपादकांनी शाळेच्या आठवणी मागितल्या, पण शाळेवर लिहिणारे शिक्षक गावोगाव आहेत. नवरीबरोबर पाठराखीण यावी तसं शाळेबरोबर जे दुसरं काम माझ्या घरी आलं, त्याच्याविषयी लिहिते. ते मतदारयादीचं काम.

मतदानाच्या प्रत्येक केंद्राला एक यादी असते आणि त्या यादीला एक राखणदार. त्याला बीएलओ म्हणतात. तो बहुधा शिक्षक असतो, कारण शिक्षकाला दुपारनंतर काही काम नसतं अशी सरकारची पक्की समजूत आहे. नवं नाव घालायचं तर सहा नंबरचा फॉर्म, काढायचं तर सात नंबरचा, चूक सुधारायची तर आठ नंबरचा. एवढंच त्यातलं शास्त्र. घरोघर जायचं, विचारायचं, खूण करायची आणि तालुक्याला नेऊन द्यायचं. पुढे काय ते साहेब ठरवतात. मग कच्ची यादी शाळेच्या भिंतीला चिकटवायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगावी म्हणून. आमच्या भिंतीवरची यादी दर वर्षी एक बकरी वाचायची, खालच्या पानापासून सुरुवात करून.

नाव काढायची कारणं मुख्य तीन: मयत, स्थलांतरित, दुबार. म्हणजे मेला, गेला, किंवा दोनदा सापडला. शहरातल्या इमारतींना हा हिशेब नीट बसत असेल. माझी शाळा तलासरी तालुक्यात, सावरपाड्याला. गुजरातची हद्द इतकी जवळ की मोबाईल कधी कधी आपणहून गुजरातीत बोलायचा. तिथली माणसं मरायची ती नीट मरायची, पण जायची ती कधीच पुरती जायची नाहीत.

पहिल्याच फेरीत मला एक घर सापडेना. कागदावर घराला नंबर होता आणि त्या जागी नागलीचं शेत डुलत होतं. शेजारणीला विचारलं, तर ती ओहळाकडे हात करून म्हणाली, "घर तठं गेला." जसं काही घर सकाळी उठून, तोंड धुऊन, आपल्या पायांनी चालत गेलं. झालं होतं असं की त्या घरात लागोपाठ दोघं आजारी पडली. जागा बेस नाही असं भगतानं सांगितलं. मग घरच्यांनी कारवीचे कुड, म्हणजे भिंती, सोडवले, वासे उतरवले, आणि अख्ख्या पाड्यानं ते घर डोक्यावर घेऊन ओहळाच्या काठी नेऊन उभं केलं. माझ्या आधीच्या बीएलओनं त्या कुटुंबापुढे 'स्थलांतरित' लिहून टाकलं होतं. स्थलांतर झालं होतं ते घराचं. माणसं चार शेतांपलीकडून त्याला हात हलवत असतील. त्यांची नावं मी परत घालायला दिली, पण पुढे बरेच दिवस मला स्वप्नात ओळीनं चालणारी घरं दिसायची.

त्याच वर्षी ठाण्यातून आमचा पालघर जिल्हा वेगळा निघाला. पाडा होता तिथेच राहिला आणि त्याच्याखालचा जिल्हा बदलला. जिल्ह्याला मात्र कुणी स्थलांतरित म्हटलं नाही.

दिवाळीनंतर भात झोडून झालं की पाडा रिकामा व्हायचा. कुणी वीटभट्टीवर, कुणी गवत कापायला, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. दाराला कुलूप नसे. एक काटेरी फांदी आडवी लावलेली असे, तेवढ्यावर गुराला कळायचं की आत जायचं नाही. यादीची तपासणीही नेमकी याच दिवसांत यायची. मी धुक्यातून चालत जायचे आणि फांद्यांना नावं विचारायचे. एखादी म्हातारी आणि दोन कुत्री भेटली तर ती पर्वणी. म्हातारी सगळ्यांची खबर सांगायची आणि शेवटी म्हणायची, येतील, जातील कठं? हे वाक्य मावेल असा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

लाडक्याबाबा म्हणून एक म्हातारा होता. त्याच्या बायकोचं नाव काढायला मी गेले, तर तो सोडेचना. ती मेली हे त्याला पुरतं मान्य होतं. दिवस घातले होते, जेवण दिलं होतं. पण मत द्यायला गेल्यावर साहेब कागदावर बोट फिरवतो, तेव्हा आपल्या नावाखाली तिचं नाव दिसतं, एवढं राहू दे म्हणाला. मला ते राहू देता आलं नाही. नियमानं मी बरोबर होते आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

हे झाले जाता जाता भेटलेले लोक. लखमीचं तसं नव्हतं. लखमीच्या नावापायी माझी पाच वर्षं गेली.

तिचा मुलगा देवू माझ्या वर्गात शिकून गेलेला. लखमी चाळिशीची, अंगानं काटक. पाड्यात कुणाचीही वेळ भरली की सुईण म्हणून तिलाच हाक जायची. बोलायची कमी आणि बोलली की समोरच्यानं थांबून ऐकावं असं. मी बीएलओ झाल्यावर ती एक दिवस शाळेत आली, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि तिनं मला विचारलं, बाई, मी कठली?

तिचं माहेर डहाणू तालुक्यात, चारोटीच्या पलीकडे. देवूच्या बापाच्या, काकड्याच्या घरी राहायला आली त्याला वीसेक वर्षं झालेली, पण मतदारयादीतलं नाव माहेरीच राहिलेलं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच होतं. मतदान आलं की ती माहेरी जायची. भावाकडे उतरायची, लहानपणीच्या मैत्रिणींबरोबर रांगेत उभी राहायची, बोटाला शाई लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. सणावाराला माहेरी जायला सवड मिळत नाही अशा बाईला सरकारनं दिलेलं ते माहेरपण होतं. चौदा सालच्या लोकसभेलाही ती अशीच गेली आणि रांगेत तिचा नंबर लागल्यावर साहेबानं सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही. मैत्रिणी आत जाऊन आल्या. ही चिंचेखाली उभी राहिली. ओळखीच्या बायांनी आपापली बोटं पदराखाली घेतली, हिला दिसू नयेत म्हणून. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

मी चौकशी केली. तिथल्या बीएलओनं तिच्या भावाला विचारलं होतं, बहीण कुठे असते? भाऊ म्हणाला, घरवाल्याकडे. त्यानं 'स्थलांतरित' लिहिलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. इकडे सावरपाड्यात माझ्या आधीच्यानं काकड्याला विचारलं होतं, ही बाई तुझी बायको का? काकड्या म्हणाला, लगीन झाला नाय. त्यानं काहीच लिहिलं नाही. इथेही कुणी खोटं बोललं नव्हतं.

बाहेरच्या वाचकांना हे उलगडून सांगायला हवं. वारल्यांमध्ये लग्न म्हणजे पाड्याला जेवण, ढोल, भिंतीवर लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, लिहिणाऱ्या बाया, आणि लग्न लावणारी धवलेरी. तिथे भटजी नसतो. धवलेरी ही बाईच असते आणि ती गाणी म्हणत लग्न लावते. एवढं सगळं एका वर्षाच्या भातात बसत नाही. म्हणून पुष्कळ जोडपी दोन्ही घरांच्या संमतीनं संसाराला लागतात, पोरंबाळं होतात, आणि लग्न मागाहून, जमेल तेव्हा. यात कुणाला लाज वाटत नाही. एकच अट असते. आईबापाचं लगीन लागल्याशिवाय पोराचं लावायचं नाही. म्हणून कधी कधी एकाच मांडवात आईबाप आणि मुलगा दोघंही नवरदेव-नवरी होतात. मी पहिल्यांदा असं लग्न पाहिलं तेव्हा वाटलं होतं, आपण पुन्हा डुलकीत आहोत.

तर लखमी तिकडून निघाली, कारण ती नवऱ्याकडे गेली. आणि इकडे लागली नाही, कारण तो नवरा नव्हता. दोन तालुक्यांच्या मधे कुठेतरी, चारोटीच्या नाक्यावर वडापाव खात उभ्या असलेल्या माणसासारखं तिचं नाव उभं होतं.

मला वाटलं, सोपं आहे. मी सहा नंबरचा फॉर्म काढला आणि म्हटलं, "लखमी, नवऱ्याचं नाव काकड्या लिहिते. लग्न झालं का म्हणून कुणी विचारलं तर हो म्हण. एका अक्षराचं काम."

ती फॉर्मकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, खोटा सांगून नाव घालशी, तं त्या नावाचा मी काय करू?"

वारली बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात, कलेक्टर आला तरी. त्यात अपमान नसतो. पण त्या दिवशी ते 'घालशी' मला लागलं. मी नवऱ्याच्या रकान्यावर काट मारली आणि वडिलांचं नाव घातलं. धाकल. तो मरून दहाएक वर्षं झाली होती.

तालुक्याच्या कचेरीत खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म उलटासुलटा केला. राहण्याचा पुरावा? रेशनकार्ड काकड्याचं, त्यावर हिचं नाव नाही. नाव का नाही? कार्डावर घालायला लग्नाचा दाखला लागतो म्हणून. मग लग्नाचा दाखला आणा. तो कुठून आणणार? कारकून माणूस वाईट नव्हता. मला त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, बाई, तिचं लग्न लावून टाका ना, सगळ्यांचं काम होईल. काही दिवसांनी अर्ज नामंजूर होऊन आला.

याच सुमाराला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सावरपाड्याची जागा आदिवासी बाईसाठी राखीव होती. पाड्याची विहीर उन्हाळ्यात आटायची आणि बायांना ओहळाच्या पलीकडे पार डोंगराच्या पायथ्याला पाण्याला जावं लागायचं. बायांनी आपसात ठरवून टाकलं की लखमी उभी राहील आणि पंचायतीत पाण्याचं बोलेल. पुरुषांनीही मान डोलावली, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोरांना तिनंच जगात आणलं होतं. पण ज्याचं नाव यादीत नाही त्याला उभं राहता येत नाही. हे सांगायला मला जावं लागलं. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. लखमीनं आपला हंडा उचलला आणि ती सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. जागा दुसऱ्या पाड्याच्या बाईला गेली. ती भली बाई होती, पण तिच्या पाड्याला बारमाही पाणी होतं. आमची विहीर पुढेही आटतच राहिली.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. मुळात मी हट्टी नव्हे. मला झोप प्रिय. पण एसटीत खिडकीशी डोळे मिटले की मला ती चिंचेखाली उभी असलेली दिसायची, आणि आजूबाजूच्या बायांची पदराखाली गेलेली बोटं.

दुसरा अर्ज दिला, जोडीला पाड्यातल्या लोकांचं लेखी दिलं. कचेरीनं खातरजमा करायला माणूस पाठवला. तो आला पौषात. काकड्या आणि लखमी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. त्यानं दारातली काटेरी फांदी पाहिली आणि 'सदर पत्त्यावर आढळून येत नाही' असं लिहून नेलं. अर्ज पुन्हा नामंजूर. ती भट्टीवरून परतल्यावर मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, फांदी मीच लावलेली, तिला तरी इचारायचा होता.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी तालुक्याला नवे नायब तहसीलदार आले होते. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी ती जाडजूड फाईल पाहिली आणि सुनावणी कचेरीत न घेता पाड्यावर घ्यायचं ठरवलं. भात पोटरीला आलेलं होतं, सगळीकडे तो दुधाळ वास सुटलेला. शाळेच्या व्हरांड्यात बाक मांडला. पाडा झाडून जमला. जेठीआय म्हणून पाड्यातली म्हातारी धवलेरी होती, ती सगळ्यांच्या पुढे बसली आणि साहेबाला म्हणाली, "तू बस, उभा नको राहू." साहेब बसले.

त्यांनी आधी बरोबरच्या कारकुनाला विचारलं, लग्नाचा दाखला कशासाठी मागितला? कारकुनानं फॉर्म चाळला. मीही मान पुढे करून पाहिलं. वडील किंवा नवरा, कुणाचंही एक नाव घालायची सोय होती. लग्न झालं आहे का, असा प्रश्न त्या फॉर्मात कुठेच नव्हता. तो प्रश्न आम्हीच आमच्या घरून आणला होता, डब्याबरोबर. साहेब म्हणाले, कायद्याला एवढंच विचारायचं आहे की माणूस नेहमी राहतो कुठे.

मग ते लखमीकडे वळले. कुठे राहतेस?

"अठं."

कधीपासून?

"देवू व्हायच्या आदीपासून."

साहेबांनी फाईलमधला तो पौषातला कागद काढला. मग भट्टीवर जाता तेव्हा कुठे राहतेस?

लखमीनं जरा विचार केला. "तवा बी अठंच रेहते," ती म्हणाली. "निस्ती झोपाया तठं जाते."

 साहेबांनी पेन उघडलं आणि तिचं उत्तर तसंच्या तसं, तिच्याच शब्दांत, कागदावर उतरवून घेतलं. मी शिक्षक म्हणून जन्मभर वह्या तपासल्या, पण एवढं नेमकं वाक्य मला कुठल्याच वहीत सापडलं नाही. जेठीआय म्हणाली, साहेब, या पाड्यातल्या कुणाच्या पोराची नाळ हिनं कापली नाय तो दाखव. साहेब हसून म्हणाले, पुरे, झालं काम. अठरा साल सरता सरता नवी यादी आली. लखमी, वडिलांचं नाव धाकल, घर काकड्याचं. मी त्या वर्षी भिंतीपाशी उभी राहून बकरीला हाकललं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एकोणीस सालची लोकसभा आली ती चैत्राच्या उन्हात, लग्नांच्या दिवसांत.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी चिठ्ठ्या वाटत पाड्यात गेले, तर काकड्याच्या दारात मांडव. उंबराची फांदी रोवलेली, जांभळीचे टहाळे टाकलेले, आत बाया तांदळाच्या पिठानं चौक लिहीत बसलेल्या. देवूचं लग्न ठरलं होतं, म्हणून त्याच मांडवात आधी आईबापाचं आणि मग त्याचं; त्याची नवरी दुसऱ्या दिवशी तिच्या गावाहून यायची होती. मतदानाची तारीख जाहीर व्हायच्या आधीच जेठीआयनं दिवस धरला होता. लखमी पाटावर बसली होती, कपाळापासून पावलांपर्यंत हळदीनं पिवळी. पंचवीसेक वर्षांचा संसार केलेली बाई, पण खाली मान घालून अशी बसलेली की मला क्षणभर ती सोळा वर्षांची वाटली.

मी चिठ्ठी पुढे केली. उद्या सकाळीच ये, ऊन चढायच्या आत, म्हटलं. तिनं हात पुढे केला नाही.  मग बायांतल्या एकीनं मला समजावलं. एकदा हळद लागली की लगीन लागेपर्यंत नवरा-नवरीनं शीव ओलांडायची नाही. पाड्याची शीव म्हणजे ओहळ. आणि मतदान केंद्र, म्हणजे माझी शाळा, ओहळाच्या पलीकडे.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. जेठीआयला मी बोलले, आई, पाच वर्षं लागली या नावाला. लगीन उद्या संध्याकाळी आहे, सकाळी पाच मिनिटांचं काम. जेठीआय म्हणाली, शीव नाय वलांडायची, आणि तिनं गाण्याचं पुढचं कडवं धरलं. लखमीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि हळद लागल्यामुळे तिला ते पुसताही येत नव्हते. तिला दोन्ही हवं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. मी चिठ्ठी तिथेच उंबराच्या फांदीला अडकवून निघून आले.

मतदानाच्या दिवशी बीएलओला शाळेच्या आवाराबाहेर एक टेबल देतात. ज्याला नाव सापडत नाही त्याला शोधून द्यायचं. सकाळची गर्दी ओसरली. बाराच्या पुढे ऊन असं झालं की शेतांवरची हवा पाण्यासारखी हलायला लागली. पाड्याची नावं एकेक होत होती आणि लखमीच्या नावापुढे काही नव्हतं. मी कोपर टेकलं आणि माझ्या स्वभावानुसार डोळे मिटले.

झोपेत मला धवलेरीचं गाणं ऐकू आलं. मी म्हटलं, चला, निदान लग्न तरी स्वप्नात पाहू. डोळे किलकिले केले तर ओहळाच्या कोरड्या पात्रातून मांडव चालत येत होता.

मी डोळे चोळले. मांडव येतच होता. चार बांबू चार बाप्यांच्या हातात, वर टहाळे, पुढच्या बांबूला उंबराची फांदी बांधलेली. खाली पिवळी लखमी, पिवळा काकड्या, पिवळा देवू, आणि त्यांच्या पुढे गात येणारी जेठीआय. बांबूवाले पाऊल जपून टाकत होते, कारण सावली जराही सरकून चालणार नव्हती. माझ्या शेजारी सरबत पीत बसलेला, केंद्रांवर फिरून नजर ठेवणारा झोनल अधिकारी ग्लास हातात धरून उभा राहिला.

जेठीआय टेबलापाशी आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "शीव वलांडली नाय. मांडव अठं आणला. मांडव हाय तठं शीव हाय."

रात्रभर विचार करून तिनं हे काढलं होतं, असं मागाहून कळलं. पहाटे बाप्यांना उठवून तिनं मांडवाची एक बाजू सोडायला लावली होती.

केंद्राची हद्द म्हणून आखलेल्या चुन्याच्या रेघेपाशी पोलिसानं हात आडवा केला. केंद्रापाशी मिरवणूक चालत नाही, गाणं-वाजवणं चालत नाही. पोलीस विदर्भाकडचा होता, घामानं भिजलेला, आणि त्याला समोर काय आलं आहे याचा पत्ता लागत नव्हता. आणि इकडे धवलेरीनं धरलेलं गाणं मधेच सोडत नाहीत. जेठीआयनं त्याच्याकडे पाहिलं, आवाज बंद केला, आणि ओठ हलते ठेवले. पुढे सगळा वेळ तिचे ओठ हलत होते. आवाज नसलेलं ते गाणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. पोलीस बाजूला झाला.

शाळेच्या दारातून बांबू जाणार नव्हते. तेव्हा जेठीआयनं उंबराच्या फांदीची एकेक डहाळी मोडली आणि तिघांच्या हातांत दिली. आधी लखमी गेली. मी दारापर्यंत गेले, त्यापुढे मला जायची मुभा नव्हती. आतल्या अधिकाऱ्यानं नाव वाचलं. लखमी, वडिलांचं नाव धाकल. ती म्हणाली, "हां, मीच." पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती गेली आणि जरा वेळानं यंत्राचा लांबलचक आवाज आला. मी रडले. निवडणुकीच्या कामावर रडू नये असा काही नियम असेल तर मी तो मोडला आहे.

ती बाहेर आली ती डाव्या हाताचं बोट पुढे धरून. हळदीवर शाई नीट बसत नव्हती, म्हणून आतल्या बाईनं दोनदा लावली होती. काकड्या आणि देवू आत गेले आणि ती त्यांची वाट बघत मांडवाखाली उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले. कामाचंच बोलले. म्हटलं, आता संध्याकाळी लगीन लागलं की मी आठ नंबरचा फॉर्म भरते, यादीत धाकलच्या जागी काकड्याचं नाव लावू.

तिनं मान हलवली.

"नको बाई. काकड्याचा नाव घरात हाय, दारात हाय, आता लगीन बी हाय. पर अठं माझा नाव लागला तवा कागदावर मला कोण नव्हता. त्यो असाच राहू दे."

मांडव परत निघाला. चुन्याची रेघ ओलांडल्याबरोबर जेठीआयचा आवाज जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला, एक शब्दही न गाळता. मी टेबलाशी येऊन बसले. लगीन संध्याकाळी लागलं, मी जेवायला गेले होते. फॉर्म मी भरला नाही. यादीत लखमी अजून धाकलचीच आहे.